सिक्युरिटी अपडेटनंतर आउटलुक बंद पडून राहिलं तर अपडेट काढू नका, आधी ॲड-इन पकडा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धरमपेठेत सीएचं ऑफिस, सगळीकडे जुनं म्हणजे क्लासिक आउटलुक, बुधवारी सकाळी ऑफिस उघडलं तर काही मशीनवर आउटलुक उघडल्या उघडल्या बंद होऊन राहिलं, दोन मशीनवर वरचं पीडीएफचं बटण आणि क्लायंटच्या फाइलमध्ये मेल टाकायचं बटण गायब, आणि रिसेप्शनच्या मशीनवर मेल आउटबॉक्समध्येच अडकून बसला. कॉम्प्युटर पाहणारा मुलगा म्हणून राहिला की सिक्युरिटी अपडेट आलंय, ते काढून टाकतो आणि ऑटो अपडेट कायमचं बंद करतो, आणि सरांना ते पटलंय काहून की जीएसटीआर-१ ची, म्हणजे जीएसटीच्या विक्रीच्या रिटर्नची, तारीख डोक्यावर आहे.

सरांना हे वाचून दाखवा. ॲड-इन म्हणजे आउटलुकला बाहेरून जोडलेले छोटे प्रोग्राम, तुमची ती गायब झालेली बटणं त्यांचीच, आणि बिघाड आधी तिथेच शोधायचा. अपडेट काढणं हा सगळ्यात शेवटचा उपाय आहे आणि ऑटो अपडेट कायमचं बंद करणं हा उपायच नाही. तुमच्या मेलबॉक्समध्ये शेकडो लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट, आधारच्या कॉप्या, डीएससीचे म्हणजे डिजिटल सहीचे व्यवहार पडलेले असतात. १४ मार्च २०२३ ला मायक्रोसॉफ्टने आउटलुकमधलं एक भोक बुजवलं, सीव्हीई-२०२३-२३३९७ म्हणतात त्याला. त्यात हल्लेखोर असा मेल पाठवायचा की रिमाइंडरचा आवाज कुठून वाजवायचा तो पत्ता त्याच्या स्वतःच्या सर्व्हरचा असायचा, आउटलुक तो आवाज आणायला आपणहून तिकडे जायचं आणि जाताना तुमच्या विंडोज लॉगिनचा हॅश, म्हणजे पासवर्डचं सांकेतिक रूप, देऊन यायचं. मेल उघडायची गरज नाही, प्रिव्ह्यूत पाहायचीसुद्धा गरज नाही, नुसता आला की झालं. युरोपातल्या काही संस्थांवर पॅच यायच्या आधीच हे वापरून झालं होतं. अशा गोष्टी ज्या अपडेटने बुजतात ते अपडेट एका बटणासाठी काढायचं, हे मला तरी पटत नाही.

बरं, बुधवारीच काहून होतं हे? मायक्रोसॉफ्टचे सिक्युरिटी अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, तिकडची सकाळ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा, म्हणून आपल्या ऑफिसात त्याचा दणका बुधवारी सकाळी बसतो. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेमधेच पडतो आणि दर महिन्याच्या जीएसटीआर-१ ची तारीख ११, त्यामुळे सीए आणि टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात हे नेमकं कामाच्या गर्दीतच येणार, दर महिन्याला, हे गृहीत धरूनच चला. त्याची सोय कशी करायची ते खाली लिहिलंय.

आता पहिली गोष्ट, नेमकं काय बदललं ते पाहा, काहून की इथेच जास्तीत जास्त लोक चुकीच्या दाराशी जातात. तुमचा कॉम्प्युटरवाला मुलगा विंडोज अपडेटच्या हिस्टरीत जाईल, तिथला एक केबी नंबर, म्हणजे एक अपडेट, अनइन्स्टॉल करेल, मशीन रिस्टार्ट करेल आणि आउटलुक तसंच बंद पडेल. मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा हल्लीचं ऑफिस हे क्लिक-टू-रन पद्धतीचं असतं, ते स्वतःचं अपडेट स्वतः आणतं, विंडोज अपडेटच्या यादीत ते दिसतही नाही. ते पाहायचं असेल तर आउटलुकमध्ये फाइल, मग ऑफिस अकाउंट, तिथे व्हर्जन आणि बिल्ड नंबर लिहिलेला असतो, तो चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या दोन्ही मशीनवर वहीत लिहून घ्या. त्याच रात्री विंडोजचं वेगळं, डॉट नेटचं (बरेच प्रोग्राम ज्यावर चालतात तो मायक्रोसॉफ्टचा भाग) वेगळं अपडेट आलेलं असू शकतं, आणि अँटिव्हायरस तर रोजच स्वतःला बदलत असतो. म्हणजे संशयित एक नाही, तीन-चार आहेत. दोन मशीनचा फरक कागदावर आला की अर्धी शोधाशोध वाचते.

ॲड-इन मोडतातच काहून, तेही सांगतो. तुमच्याकडचे बहुतेक ॲड-इन हे कॉम ॲड-इन आहेत, म्हणजे एक डीएलएल फाइल (प्रोग्रामच्या कोडची फाइल) आउटलुकच्या प्रोसेसच्या आतच जाऊन बसते. एकाच घरातला भाडेकरू समजा, त्याच्या स्वयंपाकघरात आग लागली तर घर तुमचंही जळतं. ॲड-इन कोसळला की आउटलुक कोसळतं. आणि सिक्युरिटी अपडेट बरेचदा काय करतं, तर जो आडवाटेचा रस्ता आतापर्यंत उघडा होता तो बंद करतं, मग त्या रस्त्याने येणारा साधासरळ ॲड-इनसुद्धा अडतो. १३ जून २०१७ च्या आउटलुक अपडेटचं उदाहरण घ्या, त्याने नीट नोंद नसलेल्या मॅपी सर्व्हिस (आउटलुकला बाहेरचे मेल-कॅलेंडर जोडणारे भाग) लोड करणं थांबवलं आणि त्यात ॲपलच्या आयक्लाउडचं कॅलेंडर-काँटॅक्ट आउटलुकमध्ये उघडेनासं झालं, एरर यायची की मॅपीला इन्फर्मेशन सर्व्हिस लोड करता आली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने कस्टम फॉर्ममधली स्क्रिप्ट बाय डिफॉल्ट बंद केली, ज्यांनी रजेचे अर्ज आणि पर्चेस इंडेंट त्या फॉर्मवर बांधले होते त्यांची बटणं एका रात्रीत मुकी झाली. दोन्ही वेळेस अपडेट बिघडलेलं नव्हतं, जे मुद्दाम बंद केलं त्यावर कोणीतरी टेकून बसलं होतं.

आता कामाला लागू. आउटलुक बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये जाऊन आउटलुकची प्रोसेस खरंच गेली का पाहा, कारण हँग झालेली प्रोसेस मागे तशीच राहते आणि मग तुम्ही काहीही बदललं तरी फरक दिसत नाही. मग विंडोजचं बटण आणि आर दाबून रनच्या खिडकीत आउटलुक डॉट ईएक्सई, एक स्पेस, स्लॅश सेफ असं इंग्रजीत टाइप करा. कंट्रोल दाबून धरून आउटलुकच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं तरी तेच होतं. सेफ मोडमध्ये कॉम ॲड-इन लोड होत नाहीत. इथे आउटलुक दहा-पंधरा मिनिटं नीट चाललं, मेल गेला-आला, तर गुन्हेगार ॲड-इनमधेच आहे. सेफ मोडमध्येही तसंच बंद पडलं तर ॲड-इनचा नाद सोडा, मग मेल प्रोफाइल किंवा डेटा फाइल पाहावी लागते, कंट्रोल पॅनेलमधून नवीन प्रोफाइल बनवून पाहायचं, पीएसटी (मेल साठवायची फाइल) असेल तर स्कॅनपीएसटी हे तिच्या दुरुस्तीचं टूल चालवायचं, तो वेगळा विषय आहे. आणि हो, आजच्या आज रिटर्नचे मेल पाठवायचेच असतील तर सेफ मोडमधून पाठवा, चालतं ते, दिवस निघून जातो.

यानंतर बहुतेक लोक डोळे मिटून एकेक ॲड-इन बंद करत बसतात. त्याआधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. दोन प्रकारच्या नोंदी शोधायच्या. एक, सोर्स ॲप्लिकेशन एरर, इव्हेंट १०००, आउटलुक कोसळलं त्या वेळेची. त्यात फॉल्टिंग मॉड्यूल नेम म्हणून एका डीएलएलचं नाव असतं. ते नाव जर एखाद्या ॲड-इनच्या कंपनीचं निघालं तर तुमचं काम पाच मिनिटात झालं. पण तिथे एनटीडीएलएल किंवा कर्नलबेस असं विंडोजचंच नाव असेल तर त्यावरून काही ठरवू नका, ती फक्त पडण्याची जागा आहे, ढकललं कोणी ते तिथे लिहिलेलं नसतं. कोसळलं नाही, नुसतं हँग झालं असेल तर नोंद १००२ नंबरची असते. दुसरी नोंद सोर्स आउटलुक, इव्हेंट ४५. ही फार कामाची आहे आणि फार कमी लोक पाहतात. आउटलुक दर वेळी सुरू होताना कोणकोणते ॲड-इन लोड झाले, त्यांची फाइल कुठे आहे, आणि प्रत्येकाला किती मिलिसेकंद लागले, सगळं त्यात लिहिलेलं असतं. मंगळवारची नोंद आणि बुधवारची नोंद शेजारी शेजारी ठेवा. मंगळवारी ज्याला दोनशे मिलिसेकंद लागत होते त्याला बुधवारी चार हजार लागले असतील तर तुम्हाला कोणाला विचारायची गरज नाही.

तरी कळलं नाही तर मग अर्धे-अर्धे करून शोधायचं. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, खाली मॅनेजमध्ये कॉम ॲड-इन्स निवडून गो. आधी त्या यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कोणत्या खुणा चालू होत्या ते नंतर आठवत नाही. अर्ध्यांच्या खुणा काढा, आउटलुक बंद-चालू करा, बिघाड गेला की राहिला ते पाहा, ज्या अर्ध्यात बिघाड आहे त्याचे परत अर्धे. बारा ॲड-इन असले तरी चार वेळा बंद-चालू करण्यात नाव निघतं. खूण काढायला गेल्यावर जर मेसेज आला की एचकेईवाय लोकल मशीनमध्ये नोंदलेल्या ॲड-इनची स्थिती बदलता येत नाही, तर तो ॲड-इन सगळ्या युजरसाठी टाकलेला आहे, आउटलुक राइट क्लिकने ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि मग खूण काढा. काम झालं की ते बंद करून नेहमीसारखं उघडा, रोज ॲडमिन म्हणून चालवत बसू नका.

इथे एक गोष्ट जपून. नाव निघालं म्हणजे दोषी एकटाच आहे असं नाही. वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ऑफिसात अगदी तुमच्या रिसेप्शनसारखंच झालं होतं, सेंड दाबलं की मेल आउटबॉक्समध्ये जाऊन बसायचा, नाव तिरप्या अक्षरात दिसायचं नाही, म्हणजे पाठवायच्या रांगेत तो लागलेलाच नसायचा. अँटिस्पॅमचा ॲड-इन बंद केला, मेल जायला लागले, सगळे म्हणाले सापडला. पण तोच एकटा चालू ठेवून बाकी सगळे बंद केले तर मेल तेव्हाही जायचे! मग त्याच्या जोडीला एकेक चालू करत गेलो, तर खाली डिस्क्लेमर चिकटवणारा ॲड-इन चालू केल्याबरोबर अडकलं. दोघेही सेंडच्या क्षणी तोच मेल हातात घ्यायचे, एक तपासायला आणि एक बदलायला, आणि अपडेटनंतर त्यांचा क्रम जुळेनासा झाला होता. डिस्क्लेमर आउटलुकच्या साध्या सिग्नेचरमध्ये टाकला, तो ॲड-इन कायमचा काढला, प्रश्न मिटला, अँटिस्पॅम आहे तसाच राहिला. म्हणून संशयित सापडला की त्याला एकट्याला चालू ठेवून पाहा. एकटा नीट वागला तर भांडण दोघांचं आहे, आणि त्यातला कोणता कमी गरजेचा ते तुम्ही ठरवायचं.

आता गायब झालेली बटणं. ॲड-इन कोसळला किंवा फार हळू लोड झाला तर आउटलुक स्वतःच त्याला बाजूला काढतं. हळू म्हणजे किती, तर पाच वेळच्या स्टार्टअपचा मध्यक एक हजार मिलिसेकंदाच्या वर गेला की. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर हे सहज होतं, एसएसडी टाकली की कित्येकदा हाच बिघाड परत येत नाही. फाइलच्या पानावर स्लो अँड डिसेबल्ड कॉम ॲड-इन्स असं दिसेल, तिथे त्या ॲड-इनला नेहमी चालू ठेवा असं सांगता येतं. तिथे नाही सापडलं तर परत ॲड-इन्सच्या पानावर, मॅनेजमध्ये डिसेबल्ड आयटम्स. तिथेही नाही, आणि कॉम ॲड-इन्समध्ये खूण करूनही टिकत नाही, तर रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे ठेवतं तिथे) त्या ॲड-इनच्या नावाखाली लोडबिहेव्हिअर पाहा, ३ म्हणजे सुरुवातीलाच लोड होणार, २ झालं असेल तर लोड करायला गेलं आणि जमलं नाही. नुसतं २ चं ३ करून भागत नाही, आतलं कारण तसंच असेल तर ते परत २ होतं, दोनदा परत गेलं की रजिस्ट्री सोडा आणि ॲड-इन नव्याने टाका. रजिस्ट्रीला हात लावायच्या आधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवा, हे सांगायला नको.

कधी ॲड-इन चालू असतो पण सारखी खिडकी येते की एक प्रोग्राम आउटलुकमधले ईमेल पत्ते पाहायचा प्रयत्न करतोय, परवानगी द्यायची का. हा पहारा जुना आहे, मे २००० मध्ये आयलव्हयू व्हायरस लोकांच्या ॲड्रेस बुकमधून पसरला त्यानंतर मायक्रोसॉफ्टने बसवला. ही खिडकी अचानक यायला लागली तर आधी अँटिव्हायरस पाहा, काहून की विंडोजला अँटिव्हायरस चालू आणि ताजा दिसला नाही की आउटलुक हा पहारा कडक करतं. ट्रस्ट सेंटर, प्रोग्रॅमॅटिक ॲक्सेस, तिथे अँटिव्हायरसची स्थिती व्हॅलिड लिहिलेली पाहिजे. तिथलंच नेव्हर वॉर्न मी निवडून खिडकी बंद करणारे खूप पाहिलेत, तसं करू नका, लायसन्स रिन्यू करा.

गुन्हेगार सापडल्यावर दुरुस्ती सोपी असते. ॲड-इन बनवणाऱ्याच्या साइटवरून नवीन व्हर्जन घ्या, जुना पूर्ण अनइन्स्टॉल करून, मशीन रिस्टार्ट करून मग टाका, वरून वरून टाकू नका. आउटलुक ३२-बिट आहे की ६४-बिट ते अबाउट आउटलुकमध्ये पाहा, ३२-बिटचा कॉम ॲड-इन ६४-बिट आउटलुकमध्ये लोड होतच नाही, आणि कोणी मधेच ऑफिस नव्याने टाकलं असेल तर हेच कारण निघतं, अपडेटचा बिचाऱ्याचा काही संबंध नसतो. सगळ्या ॲड-इनवर एकदम परिणाम दिसला तर ऑफिसचं क्विक रिपेअर करा, ते जमलं नाही तरच ऑनलाइन रिपेअर, त्याला इंटरनेट आणि वेळ दोन्ही लागतं. अँटिव्हायरसचा मेल-स्कॅनचा ॲड-इन दोषी निघाला तर तो मी बिनधास्त बंद ठेवतो, अटॅचमेंट उघडताना रिअल-टाइम प्रोटेक्शन तपासतंच. अँटिस्पॅमचं तसं नाही, तो बंद केला तर कचरा इनबॉक्समध्ये येईल, तेवढं आधी सांगून ठेवा.

आणि समजा ॲड-इनवाल्याने सांगितलं की नवीन व्हर्जनला पंधरा दिवस लागतील आणि त्या ॲड-इनशिवाय तुमचं ऑफिस चालतच नाही. मग, आणि मगच, मागे जा, तेही फक्त त्या मशीनवर. क्लिक-टू-रन ऑफिसमध्ये ते अनइन्स्टॉलने होत नाही, कॉमन फाइल्समधल्या मायक्रोसॉफ्ट शेअर्ड फोल्डरच्या आत क्लिकटूरन फोल्डर आहे, तिथल्या ऑफिससीटूआरक्लायंटला अपडेट करायला सांगून मागचा बिल्ड नंबर द्यायचा असतो, तो नंबर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट हिस्टरीच्या पानावर मिळतो. झालं की अपडेट ऑप्शन्समधून अपडेट थांबवा, नाहीतर ते रात्रीतून परत पुढे जाईल. आणि परत चालू करायची तारीख सरांच्या कॅलेंडरमध्ये टाका, ॲड-इनवाल्याने दिलेलीच तारीख. ती तारीख टाकल्याशिवाय मी कोणाकडेही हे करत नाही. तोवर त्या मशीनवर बाहेरचे अनोळखी मेल उघडायचे नाहीत असंही सांगा.

पुढच्या महिन्यासाठी एक सोय आताच करून ठेवा. एक मशीन निवडा, जिथे सगळे ॲड-इन आहेत पण ज्यावर रिटर्न भरायचं काम अडत नाही. त्याला अपडेट लगेच येऊ द्या, बाकी मशीनवर विंडोजचं अपडेट दोन-तीन दिवस पॉज करा, ऑफिसचंही ॲडमिनकडून तेवढंच मागे ठेवा. बुधवारी त्या एका मशीनवर मेल पाठवणं, पीडीएफ करणं, क्लायंटच्या फाइलमध्ये टाकणं, मीटिंग लावणं एवढं करून पाहा. नीट चाललं तर ११ तारीख गेली की बाकीच्यांना सोडा. दोन-तीन दिवस थांबणं आणि कायमचं बंद करणं यात फार फरक आहे.

कोणीतरी तुम्हाला हेही सांगेल की वर उजवीकडे न्यू आउटलुकचं बटण आहे ते चालू करा, सगळं ठीक होईल. ठीक दिसेल, कारण न्यू आउटलुकमध्ये कॉम ॲड-इन चालतच नाहीत, मोडणारं काही उरतच नाही, पण तुमचं क्लायंट-फाइलचं बटणही उरणार नाही. तिथे फक्त वेब ॲड-इन चालतात. तिकडे जायचंच आहे कधीतरी, पण त्याआधी तुमच्या प्रत्येक ॲड-इनवाल्याला विचारा की वेब ॲड-इन आहे का, आणि आहे तर जुन्यातलं सगळं त्यात होतं का.

आता तुम्ही एवढं करा, सेफ मोडचा निकाल, दोन मशीनचे बिल्ड नंबर, १००० नंबरच्या नोंदीतलं मॉड्यूलचं नाव आणि ४५ नंबरच्या नोंदीची मंगळवार-बुधवारची यादी मला पाठवा, क्लायंटची नावं दिसत असतील तर झाकून. रिसेप्शनच्या मशीनवर डिस्क्लेमर लावणारं काही आहे का तेही लिहा, मला आधी तिथेच पाहावंसं वाटतंय.